धुणीवालीचं लाल पाणी

गोदामाच्या वरच्या दालनात मुंगीला शिरायला जागा नव्हती, तरी आवाज म्हणाल तर नुसता श्वासांचा. पुढे टेबलावर चिनी मातीचं पांढरं भांडं, त्यात नितळ पाणी, आणि मागे पायघोळ झग्यातला उपदेशक. लोक त्याला 'बंधू' म्हणत.

"रविवारी सकाळी जगाचा हिशोब बंद!" बंधू गरजला. "पश्चात्ताप खरा असेल त्यालाच बाप्तिस्मा, आणि त्यालाच स्वर्ग. मला फसवाल हो, पण या पाण्याला कसं फसवाल?"

मग दर वेळी भांड्यात नवं पाणी भरून एकेकाने हात बुडवायचे. पाणी नितळ राहिलं तर सुटलात. लाल झालं तर पोटात पाप. ते पाप कागदावर लिहून पेटीत टाकायचं, बंधू क्षमेचे चार थेंब सोडायचा आणि लाली गायब! पेटीची किल्ली अर्थातच बंधूच्या गळ्यात, आणि लिहिणारे जन्मभर बंधूच्या मुठीत.

इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या ताईची सात वर्षांची छकुली पहिल्याच दिवशी पार झाली, पाणी नितळच राहिलं. ताईने हात घातले आणि पाणी लालभडक झालं. घरी जाऊन तिने धुण्याच्या सोड्याने कोपरापर्यंत हात घासले, सालटी निघेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पाणी जास्तच लाल!

"फार खोल पाप आहे बाई," बंधू हळहळला. "कागदाने भागायचं नाही. शनिवारी सगळ्यांसमोर बोलावं लागेल. तोवर सेवा म्हणून इथले टॉवेल धूत जा."

पाप आठवून आठवून ताईचं डोकं फुटायची वेळ आली. अंथरुणाला खिळलेल्या आईला बघून एकदा मनात आलं होतं, सुटेल बिचारी तर बरं. तेच असेल का?

"आई, रविवारी मी एकटीच जायचं?" छकुलीने विचारलं. "वर मला जेवायला कोण देईल?" ताईने पोरीला घट्ट धरलं.

शुक्रवारी ती रांगेत एका गवंड्याच्या मागे उभी होती. त्याचंही पाणी लाल झालं, त्याने कागद टाकला, बंधूने थेंब सोडले. ताईच्या नाकाला ओळखीचा वास आला. व्हिनेगर! चादरींतला सोडा मारायला ती रोज शेवटच्या पाण्यात तेच घालत होती. मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. लाल कोणाचं होतं? धुणीवाल्यांचं, फरशी घासणारीचं, चुन्यात हात घालणाऱ्या गवंड्याचं. आणि बायकोला रोज बदडणारा तो कारकून? त्याचं पाणी कसं काचेसारखं!

शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या दिराला तिने हे सांगितलं. त्याने पेल्यातल्या पाण्यात दोन थेंब औषध टाकलं. "वहिनी, बोट बुडवा." पाणी लाल झालं. व्हिनेगर टाकलं, नितळ झालं. "याला फिनॉल्फ्थॅलीन म्हणतात. सोडा किंवा चुना लागला की लाल, आंबट पडलं की रंग गेला. शाळेतली पोरंसुद्धा करतात हे. तुम्ही सोड्याने हात घासलेत, म्हणजे आगीत तेलच ओतलंत की!"

"पण भाऊजी, तुमचं चुकलं तर? माझी पोर एकटी पडेल हो."

"मग त्याच्याच हातांवर करून बघा."

शनिवारी ताईने टॉवेल नेले, सोड्याच्या पाण्यातून नुसते पिळून, न खळबळता. बंधूने नेहमीच्या ऐटीत ओल्या टॉवेलला हात पुसले. "आधी माझे हात बघा!" म्हणत भांड्यात बुडवले.

पाणी लाल झालं. बंधूचं तोंड पांढरं पडलं.

"पाप कबूल करा, बंधू!" मागून गवंडी ओरडला. कोणीतरी फस्सकन हसलं.

ताई भांड्यापाशी आली. "टॉवेलला सोडा आहे. माझ्या हातांना रोज असतो. ही बघा तुमची क्षमा." तिने घरून आणलेली व्हिनेगरची बाटली भांड्यात ओतली. लाली उतरली. तिने आपले भेगाळलेले हात बुडवले. पाणी नितळच राहिलं.

"सैतानाचा खेळ!" बंधू किंचाळला, पण ताईसोबत आलेल्या दिराने तोच खेळ पेल्यात तीनदा करून दाखवला, आणि गवंड्याने पेटीचं कुलूप उचकटलं. ज्याने त्याने आपापला कागद न वाचता फाडला.

"उद्या काही होणार नाही ना?" छकुलीने पदर ओढत विचारलं.

"नाही गं राणी. उद्या सुट्टी आहे." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताई रडली, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन.

आता वाचकहो, एवढंच सांगायचं आहे. चुकीबद्दल मनापासून वाईट वाटणं ही चांगली गोष्ट आहे. ज्याचं मन दुखावलं त्याच्यापुढे जा, माफी मागा, जमेल तेवढं निस्तरा. बाप्तिस्मा घ्यायचा तर श्रद्धेने घ्या. पण कोणी जगबुडीची तारीख सांगून तुमच्या अंतःकरणाचं माप भांड्यातल्या पाण्याने काढू लागला, तर घाबरण्याआधी त्याला विचारा, की बाबा रे, हे घडतं कसं? आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.