जुनेराची झोळी

गावसभेत पुढाऱ्यानं "पाळणाघर बंद व्हावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा" म्हटल्यावर मावशीनं मान वळवली. पहिला हात तिच्या धाकट्या जावेचा होता.

आता गोष्ट ती काय! रानात जाणाऱ्या बायांची पोरं मावशी आपल्या ओसरीत सांभाळायची. शहरातली एक संस्था दूध धाडायची, मदतीच्या बाईचा पगार भागवायची. आल्या पोराला झोळी बांधायची ती त्याच्या आईच्याच जुनेराची. आईचा वास लागला की पोर गप झोपतं. यंदा वीटभट्टीवरच्या परगावच्या बायांनी पोरं आणली, मावशीनं त्यांच्याही झोळ्या बांधल्या. झालं, निवडणूक तोंडावर असलेल्या पुढाऱ्याच्या हातात आयतं कोलीत मिळालं.

"गावाच्या नावानं आलेलं दूध उपऱ्यांच्या पोटात जातंय," तो दारोदार सांगत सुटला. संस्थेच्या गाडीवर दगड पडला.

"गावालाच नको असेल तर आम्ही वादात पडत नाही, बाई. उद्यापासून दूध बंद," संस्थेचे साहेब सभेत म्हणाले. याच मेल्यानं मागं ओसरीत पोरं मांडीवर घेऊन फोटो काढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जाऊ दारात, काखेला पोर. रानात कापणीची घाई होती.

"ताई, घ्या हो याला. दूध घरून आणलंय."

"काल कुणाचा हात वर होता गं?"

"ते राजकारण हो. तुमच्या दिरांना पुढारी कमिटीवर घेतो म्हणालेत. घरातल्या घरात कशाला मनाला लावून घेता?"

हे पोर तापलं तेव्हा आख्खी रात्र तिनं त्याला मांडीवर घेऊन काढली होती. परकी माणसं उलटली असती तर तिनं सोसलं असतं. ती आत गेली, आढ्याची गाठ सोडली आणि जुनेराची घडी जावेच्या खांद्यावर टाकली.

"हे घे तुझं. काल वर केलास ना, त्याच हातानं पोर सांभाळ."

पोरानं मावशीचा पदर मुठीत धरला होता. मावशीनं त्याची मूठ हळूच सोडवली आणि दार लोटून घेतलं.

भट्टीवरची पोरं आत कुरकुरत होती. दूध कुठून आणायचं हे तिला ठाऊक नव्हतं. ती एका झोळीला झोका देत बसली. बाहेरचं रडणं लांब लांब गेलं, तरी झोका थांबला नाही.