पिंपळाचा चुना

आपल्या अस्थी नदीत सोडायच्या नाहीत, झाडाच्या मुळाशी घालायच्या, असं चंपत गुरुजींनी बजावून ठेवलं होतं. त्यांच्या ओळखीतल्या बऱ्याच बौद्ध घरांनी आता हीच रीत धरली होती. मग तलावाच्या काठी पिंपळाचं रोप लावलं आणि प्रतिभानं वडिलांची राख त्याच्या मातीत मिसळली. सरकारी जागेत काऊन लावता, म्हणून तिचा चुलतभाऊ संघपाल तेव्हाच कुरकुरला होता. तो नगरपालिकेत कारकून होता.

पिंपळ छातीएवढा झाला आणि तलावाचं सुशोभीकरण निघालं. काठावर मोठा फलक लागला. फरसबंदी वाट, होड्या, खाण्याचे ठेले, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरून वळून आलेली हसरी कुटुंबं. चित्रातलं पाणी निळंशार होतं. पिंपळ चित्रात नव्हता.

प्रतिभानं संघपालला दोनदा गाठलं. साहेबांच्या कानावर घातलंय, एवढंच तो म्हणाला, आणि चहा मागवला. हा माणूस चहा कधी मागवत नसे. ते तिच्या मनातून जाईना. तो तिला फाटकापर्यंत सोडायलाही आला, तेव्हा तर तिची खात्रीच पटली की याला काहीतरी लपवायचंय.

एका संध्याकाळी पिंपळाच्या खोडाभोवती चुन्याचा पांढरा पट्टा दिसला. शेजारच्या झुडपांना तो नव्हता. रस्ता रुंद करताना त्यांच्या गल्लीतल्या घरांवर अशीच खूण पडली होती, आणि खूण पडलेलं एकही घर उरलं नव्हतं. तिनं बाटलीतलं पाणी ओतून ओढणीच्या टोकानं पट्टा घासून काढला. कोणाला सांगितलं नाही.

सकाळी यंत्र आलं. ते बाभळी, बेशरमाची झुडपं उपटत पुढे सरकत होतं. वाटेत एक जुना कडुनिंब लागला, त्याच्या बुंध्याला पांढरा पट्टा होता. यंत्र त्याला वळसा घालून गेलं. प्रतिभानं पिंपळाच्या पुसलेल्या खोडाकडे पाहिलं.

संघपाल स्कूटर टाकून धावत आला.

"चुना कुठी गेला, प्रतिभा?"

"मी पुसला."

"अवं, जे झाडं ठेवाचे, त्याइलेच पट्टा मारून राह्यले. साहेबाच्या मागं मागं फिरून हा मारून घेतला म्या."

"सांगितलं काऊन नाही?"

"तू माह्यावर इस्वास ठेवला असता का?"

ती पिंपळाला पाठ लावून उभी राहिली. संघपालनं काठावरच्या पानठेल्यावरून चुन्याचा डबाच उचलून आणला, आणि दोघांनी बोटांनी खोडाला चुना फासला. पट्टा वाकडातिकडा झाला.

ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं खोडाला बोट लावलं, बोट पांढरं झालं. मग त्यानं प्रतिभाच्या हातांकडे पाहिलं. तिनं ते लपवले नाहीत.

"ये निशान किसने लगाया?"

"ऑफिस ने," संघपाल म्हणाला.

"अभी?"

"ऑफिस अभी खुला."

ड्रायव्हरनं बोट पॅंटला पुसलं. मग तो वर चढला. यंत्र वळून पलीकडच्या बाभळीकडे गेलं.

संघपाल डबा परत द्यायला निघाला. "चाल, सोडतो घरी," तो म्हणाला.

काठावरचं काम अजून संपलं नव्हतं.

"तू जाय, दादा," ती म्हणाली. "मले इथंच बसाचं हाय."