भाजलेली फळी

गिटारी बनवणाऱ्या ताईला त्या फळीने आठ महिने छळलं. धाकट्या भावाची लाकूड भाजायची भट्टी होती. एकाच ओंडक्याच्या दोन फळ्या घेऊन तो आला. एक साधी, दुसरी भट्टीत भाजून तपकिरी झालेली.

"ताई, हिची गिटार कर. पन्नास वर्षं मुरल्यासारखी वाजेल!"

तिने दोन्हींच्या गिटारी करायला घेतल्या. साधी फळी निमूट वागली. भाजलेली ठिसूळ, रंधा लावला की टवका उडायचा. तो खड्डा घासून काढावा, तर पलीकडे दुसरा. तीनदा तिने ती फेकून द्यायला उचलली.

अखेर तारा चढल्या. ती डोळे मिटून बसली, भावाने आलटून पालटून दोन्ही वाजवल्या. दहापैकी नऊ वेळा तिने बरोबर ओळखलं. भाजलेली खरंच मोकळी वाजत होती.

"बघ! मी काय म्हणत होतो?" भाऊ नाचायचाच बाकी होता.

तिला मात्र ते टवके आठवले. तिने फळ्यांची जाडी मोजली आणि कपाळावर हात मारला. घासून घासून भाजलेली फळी पातळ झाली होती.

"आता हा आवाज तुझ्या भट्टीचा की माझ्या घासण्याचा?"

"आवाज चांगला आहे ना? मग कशाला उकरत बसतेस?"

दोन दिवसांनी संगीत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. भाजलेली गिटार त्यांनी बराच वेळ मांडीवरून उतरवली नाही.

"भाजल्यामुळेच एवढी छान वाजते ना?"

भाऊ तोंड उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "खरं सांगू? मला माहीत नाही."

बाईंनी गिटार हळूच खाली ठेवली. "तुम्हालाच खात्री नसेल, तर मी जरा विचार करते."

दार लागताच भाऊ उसळला. "हो म्हणाली असतीस तर जीभ झडली असती का?"

"माहीत नसताना कसं म्हणू? मला त्याच ओंडक्याच्या आणखी दोन फळ्या दे. या वेळी जाडी सारखी ठेवते."

"तो ओंडका संपला."

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून!

"मग दुसरा शोध," ती चिडून म्हणाली आणि तिने रंध्याचं पातं धार लावायला काढलं.