उलट्या बाणाचा दगड

मी दगड बोलतोय. हसू नका, वयाचा तरी मान ठेवा.

जन्मलो तेव्हा साधा चिखल होतो. पुढे जमिनीच्या पोटात मैलोन्‌मैल खाली गेलो. तिथल्या उष्णतेनं आणि दाबानं माझं पार रूप पालटलं, चिखलाचा चमचमता खडक झालो. जवळूनच जमिनीतली एक जुनी भेग जात होती. तिच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकायच्या, आणि मी नेमका मधे सापडलो. कणीक तिंबावी तसा तिंबला गेलो. मग भेगेची उत्तरेकडची बाजू वर उचलली गेली, तिच्याबरोबर मीही हळूहळू उजेडात आलो. हे सगळं माझ्या अंगावर लिहिलेलं आहे, वाचणारा हवा.

वाचायला आले विद्यापीठातले सर. दगड फोडण्याआधी त्यावर उत्तरेचा बाण काढायचा, ही यांची शिस्त. सरांनी आधी मला फोडलं, निवांत चहा घेतला आणि मग बाण काढला, अंदाजानं. तो निघाला दक्षिणेला. झालं! दक्षिणेकडची बाजू वर आली, असा सरांचा सिद्धांत. त्यांना बढती मिळाली, मला काचेचं कपाट.

वीस वर्षांनी त्यांच्या एका विद्यार्थिनीनं पाच वर्षं डोंगर पालथा घालून प्रबंध लिहिला: वर आली ती उत्तरेची बाजू. सर सही करेनात. सहीशिवाय तिला पदवी नाही.

"पोरी, हा दगड काय खोटं बोलतो?" सरांनी मला पुढे केलं.

"दगड नाही बोलत सर. बाणाचं सांगता येत नाही."

मला तिचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू!

ती मला आणि सरांना डोंगरावर घेऊन गेली. मला फोडलं ती खाच अजून तशीच होती. बाण उत्तरेला धरून तिनं मला खाचेत ठेवलं, मी डुगडुगलो. उलटा फिरवला, तर डब्याचं झाकण बसावं तसा बसलो. तिनं मोठ्या आशेनं सरांकडे पाहिलं.

सरांनी मला खाचेतून उचललं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "गाडीतून हातोडी आण रे."

दोन घावांत माझे दोन कोपरे उडाले. सरांनी बाण उत्तरेला करून मला खाचेत टाकलं. "बघ, बसला की नाही?"

आता मी पुन्हा कपाटात आहे, आणि तिची सही अजून अडलेली आहे. मला फार वाईट वाटतं. बाबांनो, माझा नाद सोडा. माझी सख्खी भावंडं त्या डोंगरात जागच्या जागी आहेत, त्यांना जाऊन विचारा. सगळा डोंगर तासायला सरांची नोकरी काही पुरायची नाही.