मास्तरांची पँट सैल झाली

बर्फावर घसरायची पँट उभ्या माणसाच्या मापाने शिवली, की ती फक्त उभ्या माणसालाच होते. आणि बर्फात नुसतं उभं राहायला कोण जातंय? म्हणून चेनवालीच्या दुकानात माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी ते जडशीळ बूट चढवावे लागत. मग गुडघे वाकवून, ढुंगण मागे काढून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं थांबावं लागे. दुकानाला रस्त्याकडून मोठी काच. येणारे-जाणारे उभे राहून मजा बघत. एकदा बँकेचे मॅनेजर त्या अवस्थेत असताना नेमका त्यांचा सगळा स्टाफ समोरून जेवायला निघाला होता. पण चेनवाली कुणाची भीडभाड ठेवणाऱ्यातली नव्हती. "लाज वाटत असेल तर खुशाल सरळ उभे राहा," ती म्हणे, "मग डोंगरावर पहिल्याच वळणाला मागून टर्रकन फाटेल. तिथे याहून जास्त माणसं असतात."

नाव तिचं वेगळंच होतं. पण अडकलेली, दात पडलेली, कुत्र्याने चावलेली कुठलीही चेन ती चालू करून देई, म्हणून सगळा रस्ता तिला चेनवाली म्हणायचा. पडून फाटलेले गुडघे, स्कीच्या धारेने कापलेले घोट्याजवळचे काठ, शेकोटीची ठिणगी उडून भोक पडलेली जाकिटं, सगळं तिच्याकडे यायचं. पाणी न झिरपणाऱ्या कापडात सुई गेली की प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. म्हणून शिवणीवर आतून इस्त्रीने चिकटपट्टी बसवावी लागते. इस्त्री जरा जास्त तापली की कापड आखडून बसतं, कमी तापली की पट्टी चार दिवसांत सुटते. चेनवालीचा हात त्यात चांगला बसला होता. आणि हात बसला की माणूस जरा शेफारतोच.

ती शेफारली ते सासऱ्यांच्या पँटच्या बाबतीत.

सासरे म्हणजे सगळ्यांचे मास्तर. अर्ध्या गावाला बर्फावर घसरायला त्यांनीच शिकवलेलं, उरलेलं अर्धं गाव त्यांच्या ओरडण्याला घाबरून शिकलंच नाही. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी हिवाळ्यात डोंगराचा उतार उघडला की पहिली फेरी मास्तरांची. तीही त्यांच्या नारिंगी पँटमध्ये. खाली सगळे जमलेले असत. मास्तर वरून झोकात येत, बर्फाचा फवारा उडवून थांबत, कमरेवर थाप मारत आणि गरजत, "नोकरीला लागलो तेव्हाची पँट! एक बोट इकडेतिकडे नाही!"

आता खरं सांगायचं तर दरवर्षी एक बोट इकडे आणि एक बोट तिकडे होतच होतं.

थंडी तोंडावर आली की सासूबाई कपाटातून ती पँट हळूच काढत आणि भाजीच्या पिशवीत, कोबीखाली दडपून दुकानात आणून देत. चेनवाली अस्तर उसवे, दोन्ही कुशींच्या शिवणींत बोटभर पट्टी घाली, आतून इस्त्री मारे, अस्तर पुन्हा बंद करी. पँटचा रंग उन्हाने उडालेला, नवी पट्टी डोळ्यांत भरली असती. म्हणून पट्टीचं कापड ती अख्खा उन्हाळा गच्चीवरच्या दोरीवर टाकून ठेवी, चांगलं विटेपर्यंत. एरवी मिठाच्या चिमटीवरूनही ज्यांचं पटत नसे, त्या सासू-सुनांचं या एका बाबतीत गूळपीठ होतं. घरातला वजनकाटा तर मास्तरांनी स्वतःच भंगारात घातला होता. "पँट असताना काटा कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

यंदा कामाचा ढीग छताला टेकला होता. चेनवालीने विचार केला, दरवर्षी कुठे ही लपवाछपवी करत बसायची? पुढच्या वर्षीचीही पट्टी आत्ताच घालून टाकू, एकदाची ब्याद जाईल. सासूबाईंनीही दुजोरा दिला. "घाल बाई सढळ हाताने. जेवताना त्यांचा हात तरी कुठे आखडतो?" मग काय, घातली.

उतार उघडायला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा मास्तर सकाळी खोलीतून बाहेर आले ते कमरेशी पँट मुठीत धरून. चेहरा पांढराफटक.

"सूनबाई, जरा इकडे ये."

संपलं, पकडले गेलो, असंच चेनवालीला वाटलं.

मास्तरांनी मूठ सोडली. पँट घसरून कुल्ल्यांवर जेमतेम अडकली. ते दबक्या आवाजात म्हणाले, "हिला सांगू नकोस. मी खंगत चाललोय."

चेनवालीला असं काही हसू फुटलं, की खोकल्याचं निमित्त करून तिला स्वयंपाकघरात पळावं लागलं. तिथे सासूबाई दाराला कान लावून उभ्याच होत्या. दोघी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून पोट दुखेपर्यंत हसल्या. ते हसू संध्याकाळपर्यंत टिकलं, पुढे नाही.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना काट्यावर उभं केलं आणि बजावलं, "वजन वाढलंय, मास्तर. जरा तोंडाला आवर घाला." मास्तर उदास हसले. घरी येऊन म्हणाले, "चांगली मुलगी आहे. माझ्याच हाताखाली शिकली. कसं सांगणार बिचारी तोंडावर? पण काटा बिघडू शकतो. पँट कशी बिघडेल?"

मग वाटणी सुरू झाली. गॉगल पोस्टमनला गेला. लोकरीचे हातमोजे दूधवाल्याला. स्की त्यांनी मुलाच्या, म्हणजे चेनवालीच्या नवऱ्याच्या, हवाली केल्या. तो बापडा रोपवेवर दिवसभर पाळणे मोजणारा माणूस, त्याला कळेना की वडील एकाएकी कर्णाचा अवतार कसे झाले. सासूबाई तर धावतच दुकानात आल्या. "अगं, मला म्हणाले, तू दमली असशील, बस जरा! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! माझं तर धाबंच दणाणलं."

इथवरही ठीक होतं. पण मास्तरांनी जेवण सोडलं. ताटावर बसत, पाव चिवडत आणि "गिळवत नाही गं" म्हणून उठत. गाल खरेच आत जायला लागले. खोट्याचं खरं होऊ घातलं, तेव्हा चेनवालीचा जीव थाऱ्यावर राहिना. हा माणूस तिला स्वतःच्या वडिलांपेक्षा जवळचा होता. तिने दुकान काढायचं म्हटलं तेव्हा घरात एकट्याने "काढ" म्हणणारा. आणि त्यालाच ती पट्ट्या घालून घालून मरणाच्या दारात नेऊन बसवत होती.

"गुपचूप आत घेऊन टाक की," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सकाळी घट्ट झाली की म्हणतील, बरा झालो."

"आई, ते पँट अंगावरून काढतायत कुठे? रात्रीसुद्धा घालूनच झोपतात. तासातासाला कमरेत मूठ घालून बघतात."

उतार उघडायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी निरोप पाठवला, यंदा पहिली फेरी दुसऱ्या कुणाला द्या. तो निरोप ऐकला आणि चेनवालीने हातातलं जाकीट तसंच टाकलं. भर दुपारी तिने दुकानाच्या काचेवर पडदा ओढला आणि मास्तरांना बोलावून घेतलं.

"पँट काढा, बाबा. कमरेत आत घेते."

"कशाला त्रास?" मास्तर म्हणाले. "आता कितीसे दिवस घालणार?"

"काढा म्हणते ना!"

मास्तर मुकाट्याने लांब लोकरी चड्डीवर स्टुलावर बसले. खांद्यावर शाल. चेनवालीने पँट उलटी केली, टाके उसवायचा आकडा घेतला आणि अस्तर कमरेपासून खालपर्यंत उघडलं.

"बाबा, तुम्ही खंगला नाहीत. मी पँट मोठी केलीय. दरवर्षी करते. यंदा जरा जास्तच केली."

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी समजूत घालू नकोस, पोरी. मी घाबरत नाही."

"अहो, समजूत कसली? डोळ्यांनी बघा!"

तिने पँट त्यांच्या मांडीवर टाकली. शिवणीला लागून शिवण, पट्टीला लागून पट्टी. बाहेरून सगळ्या एका विटलेल्या रंगाच्या, आतून मात्र एक गडद, एक फिकी, एक जवळजवळ लाल. मास्तरांनी चष्मा लावला. बराच वेळ ते बोटाने चाचपत राहिले.

"ही कधीची?"

"तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षाची."

"आणि ही एवढी रुंद?"

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरी बसून होतात ना, तेव्हाची."

"आणि ही लालभडक?"

"ती माझ्या बाळंतपणाची. माझ्यासाठी केलेलं सगळं तुम्हीच संपवलंत."

मास्तरांचे कान लाल झाले. "म्हणजे मी दरवर्षी अख्ख्या गावापुढे कमरेवर थाप मारून सांगत होतो..."

"हो."

"आणि तुम्ही दोघी खाली उभ्या राहून हसत होतात?"

"आई हसायच्या," चेनवाली म्हणाली. "माझा जीव टांगणीला. तुम्ही थाप मारलीत की मी देवाचं नाव घ्यायची, शिवण सुटू नये म्हणून."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चेनवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडले असते, ओरडले असते तरी चाललं असतं; ओरडण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण त्यांना लागलं होतं, आणि ते तिने केलं होतं. "चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही किती खुश असायचात त्या दिवशी. ते मोडवेना." तिला रडूच आलं, तिने ते थांबवलं नाही.

"म्हणजे मी मरत नाहीये," मास्तर हळूच म्हणाले.

"नाही."

"नुसता जाडा झालोय."

"चांगलेच."

"डॉक्टरीण खरं बोलली?"

"तुम्हीच शिकवलेली ना ती?"

मास्तरांच्या छातीतून असा काही उसासा निघाला, की पडदा हलला. मग ते खो खो हसायला लागले. हसता हसता शाल खाली पडली, स्टूल कलंडता कलंडता राहिलं, आणि एकदम हसू थांबवून ते म्हणाले, "खायला काय आहे?"

मशीनजवळ चेनवालीचा डबा होता. मास्तरांनी लोणी लावलेला पाव संपवला, अंडी संपवली, सूप तोंड लावून प्यायलं आणि डब्याच्या कडेला लागलेलंही पावाच्या तुकड्याने पुसून घेतलं. खाता खाता हुकूम सोडला, "त्या पोस्टमनकडून माझा गॉगल मागून आण. उद्या लागेल. आणि निरोपाचं सांग, मास्तरांना जरा सर्दी झाली होती."

"पँटचं काय सांगणार उद्या?"

"माझी पँट आहे, असं सांगेन. तेवढं तर खरं आहे?"

चेनवालीने नाक पुसलं, इस्त्री तापत ठेवली आणि पँट मशीनवर ओढली. यंदाची जादा पट्टी काढून टाकायची, कंबर बेताची करायची, अस्तर बंद करायचं. संध्याकाळपर्यंत सहज झालं असतं. तिने आकड्याचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं, तोच मास्तरांचा लोण्याने बरबटलेला हात येऊन कापडावर पडला.

"ती राहू दे गं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी लागेल."

चेनवालीने आकडा खाली ठेवला आणि सैल पँट खांद्यांवरून अडकवून धरणारे गॅलिस शोधायला ती उठली.