गोठ्याची पायरी

लग्न होऊन आल्यापासून जिवलीचा एक नेम होता. सकाळी तुळशीला पाणी घालायचं, पहिल्या भाकरीचा घास गाईला द्यायचा, मगच आपल्या तोंडात चहाचा घोट. गोठ्यातल्या गाई बदलल्या, पण दर गाईचं नाव पवळीच राहिलं आणि नेमही राहिला. गेल्या साली भातझोडणीत तिचा नवरा अनंता खळ्यावर कोसळला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तेव्हापासून तो पडवीतल्या बाजेवर होता आणि शेणवे गावाच्या रस्त्यावरच्या मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर त्याच्या पाठीच्या जखमा धुवायला यायच्या. नेम मात्र एक दिवस चुकला नव्हता.

दिवाळी सरली आणि जुन्या दगडांचा शोध घेत एक सर गावात आले. शेजारच्या ठमीनं त्यांना थेट गोठ्यापाशी आणलं.

"हिच्या घरवाल्यानं बांधावरचा दगड आणून पायरी केलीय. खालून कायतरी कोरलाय म्हणं."

जिवलीला तो दिवस आठवत होता. अनंतानं दगड बैलांकडून ओढत आणला होता. पाऊस लागला की गोठ्याच्या तोंडाशी चिखल व्हायचा, पवळीचा पाय घसरायचा, म्हणून आणला. कोरलेली बाजू खाली गेली, एवढंच.

सरांच्या माणसांनी पहारीनं दगड उलटा केला. वर चंद्र-सूर्य होते, मधे झिजलेल्या ओळी. त्याच्या खाली जे कोरलं होतं त्यावर सरांनी पटकन गोणपाट टाकलं.

"मावशी, ते तुम्ही बघू नका, चित्र अभद्र आहे. राजानं जमीन दान दिली, ते दान कुणी मोडू नये म्हणून घातलेला शाप आहे."

जिवलीनं पदर सावरला. "दगड हलवला त्यालापन लागतो?"

"तसं काही नसतं हो. शेकडो वर्षं झाली त्याला."

"आन माफी? माफीचा कायतरी लिवला असंल ना?"

सर खाली वाकले, ओळींवरून बोट फिरवत गेले. शेवटी म्हणाले, "खालचा तुकडा तुटलाय, मावशी. त्यावर काय होतं ते आता कळायचं नाही."

दगड तालुक्याला न्यायचा म्हणून ते टेम्पोची सोय करायला गेले. जिवली बांधावर गेली, तुटका तुकडा मिळेल म्हणून उन्हं उतरेपर्यंत ढेकळं उलथत राहिली. माती तेवढी निघाली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. वसईच्या होत्या, मराठीच बोलायच्या. जखमा धुता धुता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाईच्या मनाला थोडा आधार व्हावा म्हणून आपल्या शास्त्रातली निनवे शहराची गोष्ट सांगितली. शहर पापात बुडालं होतं. देवानं सांगून पाठवलं, आता तुमचा नाश होणार. मग राजासकट सगळ्यांनी उपास धरला, गोणपाट नेसले. गुराढोरांनासुद्धा चारापाणी दिलं नाही. देवाला दया आली. शहर वाचलं.

"गुरांनापन उपास?"

"हो, गुरांनापण."

"ता शहर आता कुठं हाय?"

खोटं सिस्टरांच्यानं बोलवेना. "नाही आता. पुढे पुन्हा माजलं, तेव्हा शत्रूनं जाळलं. खणलं तर राख निघाली, जळके वाडे निघाले."

"आन उपास केला त्याची निशानी?"

"ती कशी निघेल, जिवलीबाई? त्या दिवशी काही जळलंच नाही. मग खाली सापडणार काय?"

सिस्टर गेल्या. जिवलीच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. शापाच्या दगडावर अनंताचा पाय पडला होता, तिचा पडला होता आणि पवळीचा तर रोज दोन वेळा पडत होता. आपण इतके सोमवार, गुरुवार केले, ते सगळे अर्धेच झाले. पवळीचा उपास राहिला.

सोमवारी तिनं स्वतः पाणीदेखील घेतलं नाही. पहिल्या भाकरीचा घास बाजूला ठेवला आणि मळणीच्या वेळची मुसकी काढून पवळीच्या तोंडाला बांधली.

ठमी कुडावरून डोकावली. "तिचा काय गुन्हा गो? तिनं काय राजाची जमीन खाल्ली?"

"तू गप ऱ्हा. आजचा दिवसच हाय."

"उद्या कोंबड्यांना एकादशी धरायला लाव म्हंजे झाला."

ऊन चढलं तशी पवळी हंबरायला लागली. आधी थांबून थांबून, मग सारखी. जिवली तुळशीपाशी डोळे मिटून जपाला बसली होती. पडवीत बाज करकरली म्हणून ती उठली. अनंता डावा हात गोठ्याकडे करत होता. तोंडातून शब्द नाही, नुसता घशातला आवाज. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

ती त्याच्या उशाशी बसली. "तुमच्यासाठीच चाललाय," ती हळू म्हणाली. "दिवस मावळंपर्यंत कळ काढा. तिलापन माफी, तुमालापन."

त्यानं हात खाली घेतला नाही. तो गोठ्याकडेच धरून ठेवला.

जिवलीनं तुळशीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग गोठ्यात जाऊन तिनं मुसकी सोडली, बादली पुढं केली. पवळीनं बादलीत तोंड खुपसलं. जिवली तिच्या मानेला कपाळ टेकून उभी राहिली. देवाला काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं.

दोन दिवसांनी टेम्पो आला, दगड गेला. सिस्टर आल्या तेव्हा जिवलीनं खालमानेनं सगळं सांगितलं. "उपास मोडला माझ्या हातानं. आता यांचा कायी व्हायचा नाय."

सिस्टर म्हणाल्या, "त्या गोष्टीचा शेवट मी तुम्हाला सांगितलाच नव्हता. शेवटी देव म्हणतो, त्या शहरात एवढी माणसं आहेत, आणि गुरंही पुष्कळ आहेत, मग मला त्यांची दया येऊ नये का?"

"मंग यांना बरा वाटंल?"

सिस्टरांनी मलमाची डबी बंद केली. "ते मला नाही सांगता येत."

सकाळी जिवलीनं तुळशीला पाणी घातलं आणि घास घेऊन गोठ्याशी गेली. दगड गेला तिथं खड्डा पडला होता. पवळी काठाशी थबकली, पाय टाकेना. जिवली खड्ड्यात उतरली, हात लांब करून घास तिच्या तोंडाशी धरला आणि वळून पडवीकडे बघितलं. अनंताचा डावा हात आता छातीवर होता. तो तिच्याकडेच बघत होता.