गाऱ्हाणं आणि सव्वीस सेकंद

नाहूरच्या पारिजात सोसायटीत त्या दिवशी सकाळी सात वाजता जेवढी माणसं अंघोळ करून तयार होती, तेवढी गणपतीच्या आरतीलाही कधी वेळेवर येत नाहीत. बी विंगमधल्या घाड्यांची रुचिरा जपानला आशियाई स्पर्धेत पोहणार होती. पन्नास मीटर फ्रीस्टाइल, म्हणजे तलावाची एकच फेरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तळमजल्याच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. गेटवर सेक्रेटरी श्यामसुंदर पाटकरांनी फ्लेक्स टांगला होता. त्यावर शुभेच्छा देणाऱ्यांचे चौदा चेहरे होते आणि उरलेल्या कोपऱ्यात रुचिरा कशीबशी मावली होती.

पुढच्याच खुर्चीवर रुचिराची आई मालन बसली होती. हातांची बोटं मोडून मोडून आता मोडायला एकही शिल्लक नव्हतं. पदकबिदक लोकांनी बघावं. मालनला आपल्या लेकीला एकदाच, फक्त एकदा, शर्यतीत पोहताना डोळ्यांनी बघायचं होतं. कारण बारा वर्षांत तिनं ते बघितलंच नव्हतं.

त्याला कारण तीच होती. रुचिरा नऊ वर्षांची असताना मुलुंडच्या तरणतलावावर तिची पहिली शर्यत होती. पोरी रांगेत वाकून उभ्या, पंचाच्या तोंडात शिट्टी, सगळीकडे चिडीचूप. मालनला ती शांतता सोसवेना. आपली पोर घाबरली की काय असं वाटून ती गॅलरीतून खच्चून ओरडली, “रुचे, मार गो उडी!” आईचं ऐकणारी मुलगी ती. मारली उडी. शिट्टी अजून वाजायची होती. रुचिरा बाद झाली, तलावातून बाहेर येऊन हमसून हमसून रडली, आणि सीतारामनं, म्हणजे मालनच्या नवऱ्यानं, त्याच दिवशी फर्मान काढलं की पुढच्या शर्यतीला तू घरी.

मालननं ते मुकाट्यानं मानलं, कारण तिलाही ते पटलं होतं. तेव्हापासून पुणे, बंगळुरू, भुवनेश्वर, जिथं जिथं रुचिरा पोहली तिथं सीताराम बँकेतल्या शिपायाच्या नोकरीतून रजा काढून गेला आणि मालन नाहूरला डबे भरत राहिली. तो परत आला की ती विचारायची, “कशी पोहली?” हा बाबा बूट काढता काढता म्हणायचा, “बरी.” आमटी कशी झालीय विचारलं तरी त्याचं उत्तर हेच असायचं. मालन कपाटातली पदकं पुसायची आणि मनात म्हणायची, असेल बुवा बरी.

पण आता मामला वेगळा होता. जपानपर्यंत काही तिचा आवाज पोचत नव्हता. सीतारामनंच सांगितलं, “या वेळी बघ तू. काय ओरडायचं ते ओरड.”

तर सगळं असं जुळून आलेलं असताना मालनचा थोरला दीर दशरथ नारळ घेऊन उभा राहिला.

दशरथभाऊ म्हणजे गाऱ्हाणं घालण्यातला पट्टीचा माणूस. कोकणात कुठलंही कार्य असो, आधी देवापुढं नारळ ठेवून त्याला सगळी हकिगत सांगायची, मागणं मागायचं, आणि भोवतीच्यांनी दर वाक्याला “होय म्हाराजा” म्हणून दुजोरा द्यायचा, ही रीत. चांगली रीत आहे. फक्त दशरथभाऊंच्या तोंडी ती पडली की देवालासुद्धा खुर्ची लागते. पुतणीच्या बारशाला त्यांनी गाऱ्हाणं घातलं तेव्हा बाळ जागं होऊन, रडून, पुन्हा झोपलं होतं.

“शर्यतीक धा मिनिटां आसत,” दशरथभाऊ म्हणाले. “धा मिनिटांत होता सगळा. उठा.”

गावचा देव दक्षिणेला, म्हणून नारळ दक्षिणेच्या भिंतीशी ठेवला. पडदा होता उत्तरेच्या भिंतीवर. आख्खी सोसायटी उठली आणि पडद्याकडे पाठ करून हात जोडून उभी राहिली. लॅपटॉपपाशी तेवढा तिसऱ्या मजल्यावरचा प्रबुद्ध सोनावणे बसून राहिला. त्याच्या घरी देवाला साकडं घालायची पद्धत नव्हती, आणि तारा जोडणारं दुसरं कुणी नव्हतं.

“बा देवा लिंगेश्वरा, रवळनाथा, गावच्या बारा पाचाच्या म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आज ह्या तुझा लेकरू सातासमुद्रापलीकडे पाण्यात उतरता हा...”

“होय म्हाराजा!”

इथवर ठीक होतं. पण मग दशरथभाऊ मूळ पुरुषावर गेले. तिथून गिरणीच्या संपावर आले. मग नाहूरला ब्लॉक कसा घेतला, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं काम कसं रखडलंय, तेही एकदा देवाच्या कानावर घातलं. पाटकरांनी त्या वाक्याला होय म्हाराजा म्हटलं नाही, पण बाकीच्यांनी दुप्पट जोरात म्हटलं.

मालनची मान आपोआप मागं वळू लागली. दशरथभाऊंनी एक डोळा उघडून तिच्याकडे असं बघितलं की मान जागच्या जागी आली. गाऱ्हाणं मध्येच मोडायचं नसतं. मोडलं आणि पोर हरली, तर पुढची बारा वर्षं पुन्हा हिच्याच नावानं शंख.

“काकू, आल्या सगळ्या पोरी!” प्रबुद्ध मागून ओरडला.

“होय म्हाराजा!” लोक म्हणाले.

“अहो काका, सुरू झालं!”

“होय म्हाराजा!”

“तेच्या वाटेत जा काय आडवा येत असात, पाण्यातला नायतर पाण्याभायला, ता बाजूक कर, आणि तेका यश दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!!”

दशरथभाऊंनी नारळ उचलला. मालन गर्रकन वळली. पडद्यावर आठ मुली पाण्यात दोरीला लटकून धापा टाकत होत्या, सगळ्यांच्या टोप्या सारख्याच, आणि कॅमेरा तिसऱ्याच कुणाच्या तरी दातांवर होता.

“झाली?” मालननं विचारलं.

“झाली ना काकू,” प्रबुद्ध रडवेला होऊन म्हणाला. “सव्वीस सेकंदांची तर असते. तिच्या गटात चौथी आली.”

“कशी पोहली?”

प्रबुद्धनं आठवून बघितलं. “म्हणजे... पाणी लई उडत होतं.”

“मागे घे ना रे ते.”

“लाइव्ह आहे काकू. मागे नाही जात. संध्याकाळी टाकतील कदाचित.”

मालन खुर्चीवर बसली. तिला इतका राग आला होता की रडूसुद्धा येईना. सीताराम तिच्यासाठी पाणी घेऊन आला. तिनं त्याच्याकडे आणि पाण्याकडे दोन्हींकडे सारखंच बघितलं.

उरलेले दोन गट पोहून झाले, सगळ्या गटांच्या वेळा एकत्र लागल्या आणि प्रबुद्ध खुर्चीवरून उडालाच. “काकू! थांबा, कुणी जाऊ नका! आठव्या नंबरावर दोघी आल्यात! आपली रुचिरा आणि हाँगकाँगची एक! सेम टू सेम वेळ!”

कुणाला काही कळेना. सीतारामनं समजावलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो सलग चार वाक्यं बोलला असेल. “फायनलला आठच जातात. बरोबरी झाली, तर त्या दोघींनाच परत पोहावं लागतं. सकाळच्या बाकी शर्यती संपल्या की. जिंकेल ती आत.”

हॉलमध्ये एकच जल्लोष झाला. “बघलास?” दशरथभाऊ म्हणाले. “गाऱ्हाण्याचो गुण. म्हाराज पुरतो पावलो नाय, अर्धो पावलो. उरलेल्या अर्ध्यासाठी आता परत...” आणि त्यांनी नारळाकडे हात नेला.

मालन उठली आणि तिनं नारळ स्वतःच्या पिशवीत टाकला.

“भावोजी, देवाक एकदा सांगितलं की कळतं. तो काय बहिरो नाय.”

“मालन, अगो पोरीच्या भल्यासाठी...”

“पोरीच्या भल्यासाठी मी बारा वर्षं घरात बसलंय. आता ह्या खुर्चीत बसतंय. तुमका सांगायचं असेल तर बाहेर जावन सांगा. आणि ती हरली तर माझ्या नावानं सांगा, चालेल माका.”

दशरथभाऊ सीतारामकडे बघू लागले, की तू काय तो बोल. सीताराम मालनच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. संपलं.

तासाभरानं पडद्यावर तलाव आला. आठ लेनचा केवढा थोरला तलाव, आणि काठावर दोनच मुली. त्यातली एक निळ्या टोपीतली, रुंद खांद्यांची, पाय झटकत असलेली. मालन उगाचच पदर सावरून बसली. ही एवढी कधी वाढली?

दोघी वाकल्या. आवाज झाला. रुचिरा हवेत गेली आणि पाण्यात शिरली तेव्हा पाणी जेमतेम उडालं. मग बराच वेळ ती वर आलीच नाही. आली तेव्हा हाँगकाँगवालीच्या हातभर पुढं होती. हात कसले चालत होते! मालननं त्या हातांत बांगड्या भरल्या होत्या, त्या हातांना मेंदी लावली होती, पण ते हात असलं काही करतात हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

“अहो,” तिनं सीतारामचं मनगट आवळलं, “ती श्वास घेत नाय!”

“नाही घेत. एका दमात असतं ते.”

मग मालननंही घेतला नाही. शेवटच्या दहा मीटरला हाँगकाँगवाली बरोबरीला आली, भिंत आली, दोन हात एकदमच टेकले असं वाटलं. पडद्यावर आकडे उमटले. आठ शतांश सेकंदांनी रुचिरा मागं होती.

“वाट लागली,” पाटकर म्हणाले. “थोडक्यात गेलं यार.” दशरथभाऊंनी मालनच्या पिशवीतल्या नारळाकडे बघितलं. माणसं चपला शोधू लागली. मालन पडद्यासमोरून हलली नाही. पडद्यावर आता सायकली पळत होत्या.

अर्ध्या तासानं तिच्या फोनवर रुचिराचा व्हिडिओ कॉल आला. केस ओले, नाक लाल.

“आई, गेलं गं. एवढंसं राहिलं. बोटभर.” आणि तिला रडू कोसळलं. मग एकाएकी थांबून म्हणाली, “तू बघितलंस?”

“बघितलं.” मालनच्या तोंडात गावची भाषा आपसूक आली. “अगो बायो, तू खराच पोहतंस! बारा वर्षां माका वाटत होता, तुझो बापूस थापा मारता.”

रुचिरा रडता रडता फिसकन हसली. “म्हणजे कशी पोहले? सांग ना.”

मालननं फोन जवळ धरला, आणि वाकण्यापासून भिंतीला हात लागेपर्यंतची सगळी शर्यत लेकीला सांगितली, जणू ती पोरगी तिथं नव्हतीच.